मैदान गावाबाहेर नको

एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, असे मालवणजवळचे देवबाग. इथल्या पोरांचे क्रिकेट ओहोटीवर चालते. पाणी ओसरले की ओल्या पुळणीवर स्टंप रोवायचे, भरती चढू लागली की उपटायचे. समुद्र किनारा खात असताना आणि किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेड) निर्बंध असताना गावातच क्रीडांगण बांधा, असे कोणी म्हणणार नाही. पण मग या मुलांनी जायचे कुठे? जिल्हा क्रीडा संकुल ओरोसला. ते मालवणहूनच तीसेक किलोमीटर. शाळा सुटल्यावर तिथे सरावाला जाऊन रात्री घरी परतणे एसटीच्या भरवशावरील मुलाला जमत नाही. मुलीला तर घरूनच परवानगी मिळत नाही. म्हणूनच पुढचा क्रीडानिधी मालवणच्या बोर्डिंग ग्राउंडसारख्या शहरातल्या मैदानांवर खर्च झाला पाहिजे, असे आमचे मत आहे.

शहरातले मैदान आणि शहराबाहेरचे मैदान, राज्याने दोन्ही प्रकार अनुभवले आहेत. तिकिटांच्या वाटपावरून झालेल्या भांडणातून १९७४-७५ मध्ये उभे राहिलेले मुंबईचे वानखेडे स्टेडियम चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मधोमध आहे. शेवटचे षटक संपले की हजारो माणसे चालत स्थानकावर जातात आणि लोकल पकडतात. पुण्यात स्वारगेटजवळचे नेहरू स्टेडियम मागे पडले आणि २०१२ पासून मोठे सामने द्रुतगती मार्गालगतच्या गहुंजेला गेले. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्याच दिवशी पाण्याच्या गाड्या उशिरा पोचल्या, प्रेक्षक उन्हात तहानले आणि यजमान क्रिकेट संघटनेला माफी मागावी लागली. वस्तीपासून दूर गेले की पाण्यापासून परतीच्या वाहनापर्यंत सगळेच बाहेरून आणावे लागते. अमेरिकेतही शहराबाहेर, वाहनतळांच्या मधोमध स्टेडियम बांधण्याची लाट येऊन गेली. बाल्टिमोरने १९९२ मध्ये ती उलटवली. जुन्या रेल्वे यार्डाच्या जागी, विटांचे लांबलचक गोदाम न पाडता, कॅम्डन यार्ड्स हे बेसबॉलचे मैदान भर शहरात बांधले. आगगाडी दाराशी थांबते. पुढे शेजारीच अमेरिकन फुटबॉलचे स्टेडियमही आले आणि अनेक शहरांनी तोच कित्ता गिरवला.

यावर पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. अशा स्टेडियममुळे रोजगार वाढतो, व्यापार फुलतो, हा दावा अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी वारंवार तपासला. जनतेचा पैसा सहसा वसूल होत नाही, असेच आढळले. त्यामुळे मालवणात भव्य स्टेडियम बांधा, असे आम्ही म्हणतच नाही. वर्षातून चार दिवस भरणाऱ्या गॅलरीपेक्षा रोज संध्याकाळी उघडे राहणारे मैदान कितीतरी मोलाचे. दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा: प्रकाशझोतातले सामने, रात्री उशिरापर्यंत कर्ण्यावरचे समालोचन. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच बंदी आहे, ती काटेकोर पाळली गेली पाहिजे. वाहने लावायला जागा नाही, ही तक्रारही होईल. पण सरावाला येणारी मुले मोटारीने येत नाहीत.

जिल्हा नियोजन समितीने पुढच्या आराखड्यात बोर्डिंग ग्राउंडसाठी समतल जमीन, पावसाच्या पाण्याचा निचरा, मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह एवढे आधी धरावे. सभा आणि प्रदर्शनांसाठी वर्षाकाठी किती दिवस मैदान द्यायचे, हे नगरपालिकेने ठरवून जाहीर करावे. आणि सराव संपल्यावर तारकर्ली-देवबागकडे जाणारी एसटी मिळेल, अशी वेळ मालवण आगाराने बांधून द्यावी.