पाढे आणि सहा सेकंद

संपादकांस,

इंग्लंडमधील मराठी पालकांनी मुलांकडून रोज सराव-प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात, हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सल्ला परीक्षांचे स्वरूप न पाहता दिलेला दिसतो. तेथील सरकारी शाळांत २०२२ पासून चौथीला सक्तीची झालेली गुणाकार-चाचणी, म्हणजे १२ पर्यंतच्या पाढ्यांची संगणकावरील तपासणी, २५ प्रश्नांची असते. प्रत्येक उत्तराला ६ सेकंद मिळतात आणि प्रश्न क्रमाने येत नसल्यामुळे ‘सात एके सात’पासून सुरात निघालेल्या मुलाचा वेळ ‘सात आठे छप्पन्न’ येण्याआधीच संपू शकतो. त्यामुळे पाठांतर टाकाऊ ठरत नाही (तीसपर्यंत पाढे घोकून घेणाऱ्या आजोबांना एवढा दिलासा पुरे), परंतु त्याला उलटसुलट विचारण्याची जोड द्यावी लागते. शिवाय या चाचणीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा भेदच नाही. सहावीच्या मे महिन्यातील ‘सॅट्स’ परीक्षांत, जेथे मूळ गुण ८० ते १२० या समान मापावर आणून १०० ही अपेक्षित पातळी मानली जाते, वाचनाचा स्वतंत्र पेपर असतो. उताऱ्यातील पुरावा देऊन उत्तर सांगण्याची सवय घरी वाचलेल्या गोष्टीवर मराठीतून बोलतानाही लागते, आणि पत्रलेखकाने नेमका हाच भाग वगळला आहे.

— एक वाचक