आधी बंपर, मग दिवा

मोटारीच्या दिव्याविषयी दिवाळी अंकात लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. दिवाळीत लिहायचे ते पणतीविषयी, आकाशकंदिलाविषयी, फार तर देवघरातल्या समईविषयी. परंतु यंदा आमच्या घरात ज्या दिव्याने खरोखर उजेड पाडला, तो आमच्या अकरा वर्षांच्या लहानशा मोटारीचा उजवा हेडलाइट होता. आणि तो उजेड रस्त्यावर पडण्याआधी माझ्यावर पडला. तेव्हा या सदराच्या नेहमीच्या वाचकांनी यंदा एवढे सांभाळून घ्यावे.

गौरी-गणपतीला आम्ही दर वर्षी माणगावजवळच्या मूळ घरी जातो. पुण्याहून पौड, मुळशी आणि मग ताम्हिणी घाट, असा तो रस्ता. यंदा विसर्जन आटोपून परत निघायला उशीर झाला. चुलतीने नारळ दिले, शेजारच्या काकूंनी भोपळा दिला, तो डिकीत मावेना म्हणून पुन्हा सगळे सामान काढून लावले, आणि असे करता करता सात वाजले. मागे माझी आई आणि सौ., पुढे माझ्या शेजारी मुलगी. घाटाला लागलो तेव्हा मिट्ट काळोख झाला होता, पाऊस भुरभुरत होता आणि ढग रस्त्यावर उतरले होते. उजेड अंमळ कमी वाटत होता खरा. पण धुके असले म्हणजे त्याच्यावर खापर फोडणे फार सोपे असते.

एका वळणावर समोरून टेंपो आला, तो सरळ आमच्या अंगावर! मुलगी ओरडली. मी चाक डावीकडे फिरवले. डावी चाके चिखलात गेली आणि गाडी कठड्याशी थांबली. टेंपोही करकचून थांबला. दोन्ही गाड्यांमध्ये हातभर अंतर राहिले असेल. मी रागाने काच खाली केली आणि 'दिसत नाही का?' असे विचारणार, तोच टेंपोवाला खाली उतरून आला. विशीतला पोरगा होता आणि माझ्याहून जास्त घाबरला होता. म्हणाला, "काका, तुमचा उजवा दिवा बंद आहे. एकच दिवा दिसला. मला वाटलं, कडेनं मोटारसायकल येतीय."

यावर मी काय बोलणार? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. म्हणजे आपला उजवा दिवा रस्त्याच्या मध्याकडे असतो आणि समोरच्याला आपली गाडी कुठे संपते ते तोच सांगतो. तो बंद पडला की समोरच्याला फक्त डावा दिवा दिसतो, तोही रस्त्याच्या कडेला. त्याच्या लेखी तेथे एक दुचाकी असते आणि तिच्या उजवीकडे मोकळा रस्ता. त्या मोकळ्या रस्त्यात नेमके आपण बसलेलो असतो! दिवा आपल्याला दिसावे म्हणून असतो, असे मी इतकी वर्षे समजत होतो. आपण दुसऱ्याला दिसावे म्हणूनही तो असतो, हे त्या पोराने मला घाटात शिकवले.

पुढचा रस्ता आम्ही एका एस. टी.च्या मागोमाग, तिच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून काढला. आई मागे रामरक्षा म्हणत होती. ती संपवून भीमरूपीला केव्हा लागली, तेही मला कळले. सौ. मात्र काहीच बोलली नाही. ज्यांचे लग्न होऊन वीस वर्षे झाली आहेत, त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

आता वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा दिवा त्या रात्री अचानक गेला नव्हता. जुलैमध्येही तो एकदा गेला होता. त्या वेळी रस्त्यावरच्या एका दुकानातल्या माणसाने बॉनेट उघडून, मागच्या बाजूने हात घालून नवा बल्ब बसवून दिला आणि वर सांगितले, "काका, आत पाणी शिरलंय. हा पण टिकायचा नाही. अख्खा दिवा काढायला लागेल, म्हणजे आधी बंपर उतरवावा लागेल."

बंपर उतरवायचा, या दोन शब्दांनाच मी बिचकलो. का बिचकलो, ते पुढे येईल. 'पावसाळा संपला की बघू' असे म्हणून मी पैसे दिले आणि घरी आलो. पाणी आत शिरलेला दिवा पावसाळा संपेपर्यंत तसाच ठेवावा, हा विचार फक्त गृहस्थाश्रमी माणसालाच सुचू शकतो.

माझ्या वडिलांच्या वेळी हे असे नव्हते. त्यांची प्रीमियर पद्मिनी होती. नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. १९८३ साली दारात आली तेव्हा आईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. तिचे दिवे गोल, समोर, उघडे. दिवा गेला तर वडील रस्त्याच्या कडेला गाडी लावत, पेचकसाने दिव्याभोवतीचे चकचकीत कडे सोडवत आणि आमचा चहा संपायच्या आत दिवा पुन्हा लागलेला असे. बंपर लोखंडी, मुलामा दिलेला. तो आपल्या जागी आणि दिवा आपल्या जागी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. ती पद्मिनी आता गेली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतूनही ती निवृत्त झाली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली.

पण 'जुने ते सोने' म्हणून मोकळे होणे बरे नव्हे. आजचे दिवे बंपरमागे दडले, त्याला कारणे आहेत. अमेरिकेत १९४० पासून सगळ्या मोटारींना ठराविक सात इंची गोल दिवे लावावे लागत आणि कितीतरी वर्षे दिव्याच्या आकारावर तेथे असेच निर्बंध होते. १९८३ साली, बल्ब तेवढा बदलता येईल अशा निराळ्या आकाराच्या दिव्यांना तेथे परवानगी मिळाली. युरोपात त्याआधीच असे दिवे होते. मग दिवा गाडीच्या अंगाबरोबर वळला, मडगार्डवर चढला. वारा कापायला सोपे गेले, पेट्रोल वाचले. काचेऐवजी पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक आले. ते वजनाला हलके आणि सहसा न फुटणारे, फक्त उन्हाने पिवळे पडणारे. बंपरही प्लास्टिकचा झाला. खरा लोखंडी दांडा त्याच्या आत असतो. आपण बाहेरून पाहतो तो नुसता मुखवटा. चालत्या माणसाला धक्का लागलाच तर त्याच्या पायाला इजा कमी व्हावी, हाही त्यात एक हेतू आहे. सगळे कसे चपखल, फटी न ठेवता बसवायचे म्हटल्यावर दिव्याचे बोल्ट कुठेतरी झाकले जाणारच. आमच्या गाडीत दोन बोल्ट वर दिसतात. पण तिसरा बंपरच्या आड आहे, आणि तो काढल्याशिवाय दिवा जागचा हलत नाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी गाडी गॅरेजमध्ये न्यायचे ठरले. मी म्हटले, "अगं, तू कशाला येतेस? तिथं बसायला धड खुर्ची नसते."

"अहो, घाटात मीही गाडीत होते," एवढेच ती म्हणाली आणि पर्स घेऊन निघाली. मुलगीही आली. तिला यंदाच लायसन मिळाले आहे आणि पुढच्या महिन्यापासून रात्रपाळीला हीच गाडी नेणार आहे. तेव्हा तिला नको म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.

गॅरेजमधला मेकॅनिक चटपटीत होता. त्याने आधी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, एखादी तार कुठे टेकून शॉर्ट होऊ नये म्हणून. मग जाळीवरच्या प्लास्टिकच्या क्लिपा काढल्या. या क्लिपांचे गुपित असे, की आधी मधली खुंटी पेचकसाच्या टोकाने अलगद वर घ्यायची. मग क्लिप आपणहून सुटते. घाईने उपटली की मोडते. मग चाके वळवून, चाकावरच्या कमानीतल्या अस्तराचे स्क्रू काढले, मग गाडीखालचे. प्रत्येक स्क्रू तो एका जुन्या चहाच्या ट्रेमध्ये, जेथून काढला त्या क्रमाने मांडून ठेवत होता. सौ.ला ते फार आवडले. "बघा, असं काम असतं," ती म्हणाली. आमच्या घरी मिक्सर उघडल्यावर उरलेला स्क्रू अजून डबीत आहे, याची ही आठवण होती.

शेवटी त्याने आणि त्याच्या पोऱ्याने बंपरची दोन टोके धरून बाहेरच्या बाजूला ओढली. 'खट् खट्' असा आवाज झाला. माझ्या पोटात गोळा आला. पण तो आवाज मोडण्याचा नव्हता, खाचा सुटण्याचा होता. फॉग लॅम्पचे कपलर सोडवले आणि बंपर उचलून सतरंजीवर ठेवला. चेहरा काढून ठेवलेली आपली गाडी पाहणे हा काही सुखाचा देखावा नव्हे. समोर लोखंडी दांडा, भोंगा, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली वाळकी पाने. आणि उजवीकडे आमचा दिवा. आतून वाफ धरलेला, पाठीमागचा चंदेरी मुलामा काळवंडलेला.

मेकॅनिक वाकला, त्याने दिव्याखाली बोट घातले आणि म्हणाला, "काका, हे बघा. खालचा कान तुटलाय आणि खोक्याला चीर गेलीय. इथूनच पाणी जातंय. उजव्या कोपऱ्याला कधी ठोकर बसली होती का?"

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मुलीने माझ्याकडे पाहिले. मेकॅनिकही पाहू लागला.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मार्च महिन्यात, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, डावीकडच्या कोणाच्या तरी स्कूटरला वाचवण्याच्या नादात मी उजवा कोपरा खांबाला टेकवला होता. टेकवला म्हणजे, चांगला टेकवला. बंपर आत गेला. मी गाडी मागे घेताच पुन्हा फुगून बाहेर आला. रुमालाने पुसले, तर एक बारीक ओरखडा. वॉचमनकडे पाहून मी हसलो, तोही हसला, आणि ते प्रकरण तेथेच मिटले असे मी धरून चाललो. घरी सांगायचे कशाला? दिसत तर काहीच नव्हते. त्याच्याच आदल्या आठवड्यात मी मुलीला 'गाडी शिकताना कोपरा बघावा' या विषयावर अर्धा तास व्याख्यान दिले होते, हेही एक कारण.

वडिलांचा लोखंडी बंपर खांबाला टेकला असता तर त्याला पोचा आला असता, आणि संध्याकाळी घरात त्याची चौकशी झाली असती. तो बंपर खोटे बोलत नसे. हा नवा मुखवटा मार खातो, पुन्हा हसतमुख होतो, आणि खरी मोडतोड त्याच्या मागे तशीच राहते. मार्चमध्ये कान तुटला, जूनमध्ये चिरेतून पाणी शिरले, जुलैमध्ये बल्ब गेला, पुन्हा नवा घातला तो भाद्रपदात गेला, आणि ताम्हिणीत तो टेंपो आमच्या अंगावर आला. त्या पोराला मी दटावणार होतो! त्याची चूक एवढीच, की त्याने माझ्या गाडीच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला.

मी सगळे सांगितले. गॅरेजमध्ये, ग्रीसच्या डब्याशेजारी उभा राहून. सौ. रागावेल असे वाटले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ओरखड्याबद्दल मी काय बोलले असते हो? चार शब्द. त्या चार शब्दांना भिऊन तुम्ही आम्हाला तसं घाटात नेलंत."

याला उत्तर नव्हते, आजही नाही. मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, मला ठोकर बसली तर मी सांगेन. तुम्ही व्याख्यान देणार नसाल तर." करार झाला. मेकॅनिक साक्षीदार.

नवा दिवा बसला. बल्ब दोन्हीकडचे बदलले, कारण जोडीतला एक गेला की दुसऱ्याचेही दिवस भरत आलेले असतात. आमच्या गाडीचा बल्ब हॅलोजनचा. एकाच काचेत दोन तारा, लांबच्या उजेडाला ६० वॉटची आणि जवळच्याला ५५ वॉटची. त्याच्या काचेला बोट लावायचे नसते. बोटाचे तेल लागले की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. बंपर परत चढवण्यापूर्वी दिवे लावून पाहिले. चढवल्यावर, अंधार पडायला लागला तेव्हा, गाडी भिंतीसमोर सुमारे २५ फुटांवर सपाट जागी उभी केली आणि स्क्रू फिरवून उजेड जुळवला. जवळच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली हवी. डावीकडे ती जराशी वर चढते, म्हणजे रस्त्याची कड दिसते आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. भिंतीवर दोन सारखे उजेड पडले, तेव्हा सौ. म्हणाली, "आता दोन दिसतात."

वाचकहो, तुमच्या दारात गाडी असेल तर दिवाळीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी एका संध्याकाळी ती भिंतीसमोर उभी करा आणि दोन्ही उजेड मोजा. दोन मिनिटांचे काम आहे. एक कमी भरला, किंवा दिव्यात वाफ दिसली, तर पावसाळ्याची, पगाराची, सुट्टीची वाट पाहू नका. बंपर काढावा लागला तर काढा. अर्धा दिवस जातो, परत बसतो. आणि मार्च महिन्यातले काही सांगायचे राहिले असेल, तर तेही त्याआधी सांगून टाका. गॅरेजमध्ये सांगण्यापेक्षा घरी सांगणे सोपे असते, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

दसऱ्याला गाडी धुतली, हळदकुंकू वाहिले. मी झेंडूचा हार बंपरवर बांधत होतो. सौ. मागे उभी होती. म्हणाली, "जरा खाली घ्या हो. दिव्यावर यायला नको."

मी हार खाली घेतला.