देहाची लाज, अपमानाची सवय

जुन्या गाण्यांतले आक्षेपार्ह शब्द रेडिओने गाळावेत का, हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन फळ्या पडतात. एक म्हणते, गाणे कलावंताचे आहे, त्याला हात लावू नका. दुसरी म्हणते, ज्या शब्दाने माणूस दुखावतो तो घराघरांत पोचवण्याचा हक्क कोणालाही नाही. या वादात पडण्यापूर्वी ऐकणाऱ्या समाजाला एक प्रश्न विचारला पाहिजे. आजवर आपण गाण्यांतले काय गाळले, आणि काय पन्नास-साठ वर्षे आनंदाने ऐकत राहिलो?

गाळणे आपल्याला नवीन नाही. 1946 साली अंतरिम सरकारात नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे होते. ज्या गायिकांचे खासगी आयुष्य लोकांच्या डोळ्यांवर येते, त्यांना आकाशवाणीवर गाऊ द्यायचे नाही, असा निर्णय तेव्हा झाला. कोठीवरच्या बायकांनी शतकानुशतके गळ्यात जपलेले संगीत रेडिओला हवे होते, त्या बायका नको होत्या. स्वातंत्र्यानंतर लगेच बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. ती उठली, ती संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर. फडात नाचणारे-गाणारे बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतले होते. त्यांची पोटे कशी भरणार, हा प्रश्न नंतर आला. 1952 साली केंद्रात नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपलेच मराठी गृहस्थ. त्यांना चित्रपटगीते हलकी वाटली. त्यांनी ती इतकी आवळली की आकाशवाणीवरून ती जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला, आणि शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. 1971 मध्ये 'हरे रामा हरे कृष्णा'मधले चिलमीचे गाणे आकाशवाणीने बंद केले. 1993 मध्ये 'खलनायक'मधल्या चोळीच्या गाण्यावरून देशभर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि सरकारी माध्यमांनी ते गाणे दूर ठेवले.

ही सगळी प्रकरणे एका ओळीत मांडून पाहा. बाईचा देह, नशा आणि 'हलक्या' लोकांची करमणूक, या तिन्हींचीच आपल्याला लाज वाटली. माणसाच्या अपमानाची लाज या यादीत कुठेही नाही.

त्याच काळात, त्याच रेडिओवर, भर दुपारी काय वाजत होते? जातीचे नाव घेऊन खसखस पिकवणारी गाणी वाजत होती. तोतऱ्याच्या बोलण्याची, लंगड्याच्या चालण्याची, चकण्याच्या नजरेची टिंगल वाजत होती. टाळी वाजवून पोट भरणाऱ्या तृतीयपंथी माणसाला विदूषक करणारी गाणी होती. नवऱ्याने बायकोला दोन लगावल्या की ती वठणीवर येते, असे ठेक्यात सांगणारी होती. दादाला गोरीपानच बायको हवी, असा हट्ट लहान मुलीच्या तोंडी घालणारे गोड बालगीतही होते. त्यातल्या एकाही गाण्याने आपली झोप उडाली नाही. आपण ती गुणगुणली, लेकरांना शिकवली, सहलीच्या गाडीत भेंड्या खेळताना म्हटली.

असे का झाले, याचे उत्तर कटू आहे, पण दिले पाहिजे. काय ऐकवावे आणि काय ऐकवू नये हे ठरवणारी माणसे आणि त्या टिंगलीचे घाव सोसणारी माणसे वेगळी होती. देहाचा उल्लेख झाला की आपल्या घरातल्या लेकीसुना ऐकतील याची धास्ती वाटायची. जातीचा, व्यंगाचा, काळ्या रंगाचा उल्लेख झाला की लेक दुसऱ्याची दुखावायची. आपल्या सभ्यतेने स्वतःच्या घराचे दार तेवढे लावून घेतले आणि शेजाऱ्याच्या अब्रूचा विचार केला नाही. अशा सभ्यतेला नीती म्हणता येत नाही. ती फक्त आपल्या जातीची, आपल्या वर्गाची सोय होती.

आकाशवाणीच्या प्रसारण संहितेत धर्मांवर वा समुदायांवर हल्ला नको, असे म्हटले आहे, आणि अश्लील काही नको, असेही म्हटले आहे. गाण्यांच्या बाबतीत दुसऱ्याची जितकी आठवण ठेवली गेली तितकी पहिल्याची नाही. ही खोड अजून गेलेली नाही. 2022 च्या अखेरीस केंद्र सरकारने एफएम वाहिन्यांना पत्र पाठवून दारू, अमली पदार्थ, शस्त्रे आणि टोळीबाजीचा गौरव करणारी गाणी वाजवू नका, असे बजावले. ते योग्यच होते. पण जातीची हेटाळणी आणि अपंगांची चेष्टा करणारी गाणी थांबवा, असे पत्र कधी निघणार?

हेटाळणी कधी थांबते, हे 2007 सालाने दाखवून दिले. 'आजा नचले' चित्रपटाच्या शीर्षकगीतात चामड्याचे काम करणाऱ्या समाजाच्या जातिनामाचा हिणवणारा उल्लेख होता. गाणे सेन्सॉर मंडळाकडून सुटले होते, वाजतही होते. चित्रपट लागला तेव्हा उत्तर प्रदेशात मायावतींचे सरकार होते. त्यांनी तिथे बंदी घातली, निर्मात्यांनी माफी मागितली, शब्द काढला आणि बंदी उठली. इतके सोपे होते ते! शब्द काढल्याने गाण्याचा ठेका बिघडला नाही, माधुरी दीक्षितचे नृत्यही बिघडले नाही. फरक एवढाच की या वेळी ज्याला लागले त्याच्या हातात सत्ता होती. ज्याच्या हातात सत्ता नाही, त्याने मुकाट्याने ऐकायचे, हाच आजवरचा रिवाज. ज्या समाजात माणसाची इज्जत त्याच्या मतपेटीच्या वजनावर ठरते, त्या समाजाने आपल्या संस्कृतीच्या गप्पा मारू नयेत.

आता आपल्या रावेरकडे वळू. आपल्या तालुक्याला सातपुड्याची पाठ आहे. पालपासून वरच्या पाड्यांपर्यंत तडवी आणि पावरा राहतात. केळीच्या बागांत त्यांचे हात राबतात, घड कापतात, ट्रक भरतात, तेव्हा आपली केळी दिल्लीच्या बाजारात पोचते. पावरांना स्वतःची बोली आहे, ढोल आहेत, होळीच्या दिवसांतली गाणी आहेत. आणि जुन्या हिंदी चित्रपटांनी आदिवासीला काय दिले? अंगाला पाने, हातात भाला, आणि तोंडात कुठल्याच भाषेत नसलेले आवाज. ज्याला भाषा आहे त्याला निरर्थक ओरडायला लावले. त्या गाण्यांत शिवी नाही, गाळावा असा एकही शब्द नाही, आणि तरी अपमान पुरेपूर आहे. अशाच गाण्यांवर आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत आजही 'आदिवासी नृत्य' बसवले जाते. मुलांच्या तोंडाला काळे फासून पाने गुंडाळली जातात. समोर सतरंजीवर पाड्यावरचे पोरगेही बसलेले असते. आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा ते काय शिकून घरी जाते, याचा विचार किती गुरुजींनी केला? किती पालकांनी?

खानदेशी माणसाला तरी हे दुःख कळायला हवे. आपली लेवा गणबोली, आपली अहिराणी पुण्या-मुंबईच्या कानांना वर्षानुवर्षे हसण्याचा विषय होती. नाटकात गडी आला की त्याच्या तोंडी गावंढळ बोली द्यायची, हे आपण पाहिले आहे. शहरात शिकायला गेलेली आपली पोरे तोंड उघडायला लाजली आहेत. मग असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी 1952 साली पुस्तकात आली, आणि याच बोलीत केवढे शहाणपण आहे हे सबंध महाराष्ट्राला कळले. जी भाषा काल हसण्याची होती ती आज अभ्यासाची झाली. ज्यांनी स्वतः हे सोसले, त्यांनी पावराच्या बोलीला हसावे, गाण्यातल्या जातीच्या टोमण्यावर वरातीत नाचावे, याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप, तो काळच तसा होता, लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते. मान्य करू. पण लिहिणाऱ्यावर खटला भरायचा प्रश्नच नाही. गाणे तेव्हा लिहिले गेले, वाजते आज. वाजवणारा आजचा आहे, ऐकणाराही आजचा आहे. 1989 साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला, 2016 साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतल्या अपंगांच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. अपंगत्व समजावून देणारा विनोद आणि अपंगाला कमी लेखणारा विनोद यांत फरक करा, असे न्यायालयाने सांगितले. देशाचे कायदे इथवर आले आणि आपली फर्माईश मात्र तिथेच अडून राहिली, हे काळाच्या नावावर खपवता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शब्दच गाळायचे ठरवले तर चोखोबांच्या अभंगांचे काय? तिथे ते स्वतःच्या जातीचा उच्चार करतात. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांचे काय, आंबेडकरी जलशांचे काय? शब्दांची यादी करून आंधळेपणाने कात्री चालवली, तर पहिला बळी याच गाण्यांचा जाईल. ज्यांनी तो शब्द शिवी म्हणून सोसला आणि सवाल म्हणून उलटा फेकला, त्यांचाच आवाज पुन्हा दाबला जाईल. म्हणून कसोटी शब्दाची नको. बोलणारा कोण, कोणाविषयी बोलतो, आणि हसू कोणाच्या जिवावर येते, एवढे तीन प्रश्न विचारले की चोखोबांचा अभंग आणि जातीवरची टवाळी वेगवेगळी होतात. त्याला फार विद्वत्ता लागत नाही, सरळ मन लागते.

तिसरा आक्षेप, जुने पुसले तर इतिहासच पुसला जाईल. यात तथ्य आहे, म्हणूनच चोरून केलेली काटछाट मला मान्य नाही. शब्दाच्या जागी गुपचूप शांतता भरायची आणि गाणे मुळातच निर्मळ होते असे भासवायचे, ही पुढच्या पिढीची फसवणूक आहे. पूर्वजांनी काय म्हटले आणि आपण काय ऐकून घेतले, हे नातवंडांना कळले पाहिजे. बाहेरच्या देशांनाही हा पेच सुटलेला नाही. कॅनडात 2011 साली 'डायर स्ट्रेट्स'च्या 1985 मधल्या गाण्यात समलिंगी पुरुषांसाठी वापरलेल्या शिवीवर आक्षेप आला. नियामक मंडळाने आधी ते मूळ रूपात वाजवण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी निर्णय पुन्हा केंद्रांवर सोपवला. 2020 च्या नाताळात बीबीसीच्या एका वाहिनीने एक जुने नाताळगीत शब्द बदलून वाजवले आणि दुसरीने मूळ रूपात. त्यांचे निर्णय आपण उचलायची गरज नाही. पण तिथे निदान उघड चर्चा झाली. आपल्याकडे फळ्या पडतात, चर्चा होत नाही.

मग रेडिओने करावे काय? माझे मत स्पष्ट आहे. जात, अपंगत्व, लिंगभाव किंवा आदिवासीपण यांची टवाळी हाच ज्या गाण्याचा रस आहे, ते फर्माईशीच्या कार्यक्रमात वाजवू नये, मग गायक कितीही मोठा असो. मूळ ध्वनिमुद्रण संग्रहात जसेच्या तसे जपावे. अभ्यासाच्या कार्यक्रमात ते पूर्ण ऐकवावे आणि निवेदकाने त्यात काय चुकले ते स्वच्छ मराठीत सांगावे. कोणते गाणे वगळायचे हे ठरवणाऱ्यांत ज्यांची टवाळी झाली त्या समाजांतली माणसे असलीच पाहिजेत, कारण 1946 पासूनची सगळी चूक त्यांना न विचारता निर्णय घेण्यात होती. आणि वगळण्याने रिकामी झालेली वेळ पावरा, तडवी, अहिराणी, लेवा गाण्यांनी भरावी. सातपुड्याच्या पायथ्याशी ऐकू येणाऱ्या रेडिओवर सातपुड्याचा गळा ऐकू आला पाहिजे, ही मागणी फार मोठी नाही.

पण रेडिओने हे सगळे केले तरी आपली सुटका होत नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. पण नुसती पाटी बदलून भागत नाही. पारावर बसून पत्ता सांगताना जुनेच नाव ओठांवर येत असेल, तर तो दोष सरकारचा नाही, तुमचा-आमचा आहे. गाण्यांचेही तसेच आहे. रेडिओला संहिता आहे, परवाना आहे, त्याला जाब विचारता येतो. लग्नातल्या डीजेला कोण विचारणार? गणपतीच्या मिरवणुकीतल्या भोंग्याला, नातवाच्या हातातल्या मोबाइलला कोण विचारणार? तिथे सेन्सॉर मंडळ येणार नाही, मंत्रालयाचे पत्र येणार नाही. तिथे फक्त तुम्ही आहात.

म्हणून रावेरच्या, सावद्याच्या, पालच्या माझ्या भावा-बहिणींनो, एवढे करा. लग्नाची सुपारी देताना बँडवाल्याला सांगा, कोणाच्या जातीची, व्यंगाची, रंगाची थट्टा करणारे गाणे आमच्या दारात वाजणार नाही. शाळेच्या संमेलनात पाने गुंडाळलेला नाच बसवला जात असेल तर गुरुजींना भेटा, आणि पाड्यावरच्या मुलांना त्यांचे स्वतःचे गाणे, त्यांच्या स्वतःच्या बोलीत, मंचावर म्हणू द्या. चारचौघांत कोणी तसले गाणे लावले आणि सगळे हसले, तर तुम्ही हसू नका. का हसला नाहीत असे कोणी विचारले, तर कारण सांगा. देहाची लाज आपण फार सांभाळली. आता माणसाच्या अपमानाची लाज वाटू द्या.