भूतदयेला शिस्तीची जोड हवी

सन २०२५ च्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. अकराच दिवसांनी त्यात दुरुस्ती होऊन, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण आणि लसीकरण करून मूळ जागी सोडावीत, असे ठरले. त्यानंतर ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांतील कुत्री निवाऱ्यात नेण्यास न्यायालयाने सांगितले. या निमित्ताने कुत्र्यांच्या हक्कांविषयी आणि माणसांच्या सुरक्षिततेविषयी पुष्कळ बोलले गेले. ज्या निवाऱ्यांवर हा भार पडणार, तेथील रोगराईविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

या निवाऱ्यांचा गाडा बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. सुट्टीच्या दिवशी महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक, कचेरीतील नोकरदार तेथे जातात. पिंजरे धुतात, जखमांना मलम लावतात, पोरक्या पिलांना मायेने कुरवाळतात. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्या मातीत सांगितली जाते, तेथे हे नवल नव्हे. पण हाच स्वयंसेवक सायंकाळी त्याच कपड्यांनी आणि त्याच चपलांनी घरी परततो, आणि दारात शेपूट हलवीत उभ्या असलेल्या आपल्या कुत्र्याला उचलून घेतो. नेमक्या त्या क्षणी त्याची दया त्याच्याच घरावर उलटू शकते.

पार्व्हो या रोगाचेच उदाहरण घ्यावे. १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू दोन वर्षांत जगभर पसरला. ओकाऱ्या आणि रक्तमिश्रित हगवण यांनी पिलू दोन-तीन दिवसांत गलितगात्र होते, आणि वेळीच उपचार न मिळाल्यास बहुधा दगावते. रोग्याच्या विष्ठेतून विषाणू अगणित संख्येने बाहेर पडतात. तेही लक्षणे दिसू लागण्यापूर्वीच. जमिनीत, फटींत, पादत्राणांच्या तळव्यांना चिकटून ते महिनोन्महिने तग धरतात. आपल्याकडे स्वच्छतेचे दुसरे नाव मानल्या गेलेल्या फिनेलवर येथे विसंबता येत नाही, आणि हातांना चोळावयाच्या अल्कोहोलयुक्त द्रवाचाही भरवसा नाही. घाण आधी पूर्णपणे धुऊन काढावी आणि मग पाच टक्के हायपोक्लोराइटच्या एका भागात तीस भाग पाणी मिसळून ते द्रावण दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे, हा खरा उपाय.

डिस्टेंपरचा विषाणू तुलनेने नाजूक. साबण आणि ऊन यांनी तो लवकर मरतो. पण खोकल्या-शिंकण्यातून तो हवेत पसरतो आणि मेंदूपर्यंत पोहोचल्यास कुत्र्याला कायमचे अधू करतो. गीरच्या अरण्यात २०१८ साली अवघ्या काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मरण पावले, तेव्हा त्यांतील अनेकांत हाच विषाणू आढळला होता. जो रोग वनराजाच्या गुहेपर्यंत पोहोचतो, त्याला आपल्या सदनिकेचे दार किती काळ अडविणार?

यावर दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. एक म्हणजे, ‘आमच्या कुत्र्याला लस दिली आहे, मग भीती कसली?’ लस हे उत्तम कवच आहे, यात शंका नाही. परंतु आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये पिलाच्या अंगात असतात, तोवर ती लसीचा परिणामच पुसून टाकू शकतात. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन:पुन्हा लस द्यावी लागते. एका टोचणीवर निर्धास्त झालेला मालक स्वत:ची फसवणूक करतो. शिवाय गोचिडी आणि खरूज यांना या लसींचा अटकाव नाही. दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे : निवाऱ्याकडे फिरकूच नये! हे तर भित्रेपणाला शहाणपणाचे नाव देणे झाले. सगळ्यांनीच असे ठरविले, तर त्या मुक्या जिवांनी पाहावे कोणाकडे?

मार्ग या दोहोंच्या मधला आहे आणि तो खर्चिकही नाही. निवाऱ्यासाठी कपड्यांचा एक जोड आणि रबरी बूट वेगळे ठेवावेत, शक्यतो तेथेच ठेवावेत. काम निरोगी पिलांपासून सुरू करून आजारी कुत्र्यांपाशी संपवावे. उलट क्रमाने कधीही करू नये. घरी आल्यावर हातपाय साबणाने धुऊन, कपडे बदलल्याखेरीज कुत्र्याला जवळ घेऊ नये. बाहेरून आल्यावर पाय धुतल्यावाचून घरात न येण्याची आपल्या आजीची शिस्त येथे शास्त्राच्या कसोटीवर उतरते. घरातील पिलाच्या लसी पूर्ण झाल्या नसतील, तर तोवर निवाऱ्याच्या हिशेबाचे वा देणग्या मिळविण्याचे काम अंगावर घ्यावे. तीही सेवाच आहे. आणि दयेपोटी एखादे पिलू घरी आणलेच, तर निदान दोन आठवडे ते वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे.

मात्र सारी जबाबदारी स्वयंसेवकावर ढकलून संस्थांना मोकळे होता येणार नाही. साथ आली की ती लपविण्याकडे अनेकांचा कल असतो. देणगीदार बिथरतील, बदनामी होईल, ही भीती त्यामागे असते. परंतु न सांगितलेली साथ प्रत्येक स्वयंसेवकाच्या पावलांनी नव्या घरी जाते. कोणता रोग आढळला, कोणता कक्ष बंद आहे, हे प्रवेशद्वारावरील फळ्यावर रोज लिहिले गेले पाहिजे. नवागत कुत्र्यांचा विलग कक्ष आणि हात धुण्याची सोय नसलेल्या केंद्राला नगरपालिकांनी अनुदान देताना हात आखडता घ्यावा.

भूतदया ही केवळ भावना असून भागत नाही. ती एक जबाबदारी आहे, आणि जबाबदारीला नियम असतात. निवाऱ्यातील अनाथ पिलू आणि आपल्या घरातील लाडके कुत्रे यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी आपल्यावर मुळीच आलेली नाही. दोघांच्या मधल्या वाटेवर साबण, पाणी आणि थोडा विवेक ठेवला, म्हणजे पुरे.