याला काही होत नाही!

मध्यमवर्गीय घरात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द प्रथम आला तो मनगटी घड्याळाच्या पाठीवर बसून. घड्याळाचे मालक तो शब्द येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवत. मात्र आंघोळीला जाताना हेच गृहस्थ घड्याळ काढून, रुमालात गुंडाळून, कपाटात ठेवत आणि मगच पंचा लावून मोरीत शिरत. रस्त्यात पाऊस आला की घड्याळ खिशात जाई, खिशावर हात जाई आणि डोक्यावरची छत्री खिशाकडे झुके. शब्दावर त्यांचा विश्वास होता, पाण्यावर नव्हता. मला हा दृष्टिकोन अत्यंत शहाणपणाचा वाटतो आणि त्याची बाजू घेऊन चार लोकांशी भांडावं म्हणून आज लिहायला बसलो आहे.

‘वॉटरप्रूफ’चा दुसरा अवतार म्हणजे रेनकोट. तो बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही हे खरं, पण आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे डोंबिवली स्टेशनपासून घरापर्यंत चालत येणारा माणूस रेनकोट घालूनही भिजतो आणि न घालूनही भिजतो. फक्त पहिल्या प्रकारात त्याने भिजण्याचे पैसे दिलेले असतात.

तिसरा अवतार आमच्या घरात आला तो भाच्याच्या हातातून. खिशात मावणारा, लाल पट्ट्याचा, अंगाने दणकट असा एक कॅमेरा त्याने टेबलावर मुद्दाम आपटून ठेवला.

“मामा, हा पंधरा मीटर पाण्याखाली चालतो! सात फुटांवरून पडला तरी फुटत नाही. शंभर किलोचा दाब सोसतो. उणे दहा अंशांतही फोटो काढतो!”

पंधरा मीटर म्हणजे आमची पाच मजली इमारत गच्चीपर्यंत बुडाली तरी हा तळमजल्यावर फोटो काढणार. फोटोत कोण येणार, हा प्रश्न मी विचारला नाही. उणे दहा अंश डोंबिवलीत फक्त फ्रीजच्या वरच्या कप्प्यात सापडण्याची शक्यता, तीही वीज असेल तर. शंभर किलोचा दाब मात्र मला ताबडतोब पटला. सकाळच्या जलद गाडीत शिरणाऱ्याला तो रोजचाच आहे आणि त्याच्यासाठी आम्ही कुठलीही खास बांधणी करून घेतलेली नाही.

आता, ही वस्तू वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. तिचं घराणं मोठं आहे. समुद्राच्या पोटातलं जग लोकांना दाखवणारे फ्रेंच संशोधक झाक कूस्तो, त्यांच्या जहाजाचं नाव ‘कॅलिप्सो’. त्यांच्यासाठी एका बेल्जियन इंजिनियरने १९६०च्या सुमारास त्याच नावाचा, कुठल्याही पेटीशिवाय पाण्यात नेता येणारा कॅमेरा तयार केला. पुढे तो निकॉन कंपनीने घेतला आणि १९६३ पासून ‘निकोनॉस’ नावाने विकला. १९८० साली मिनोल्टाने एक पिवळाधमक छोटा कॅमेरा काढला, तो तर चक्क पाण्यावर तरंगायचा. ‘टफ’ घराण्यातला टीजी-१ हा २०१२ चा आणि टीजी-७ हा २०२३ चा.

पण या घराण्याचा मूळपुरुष पाणबुड्यांसाठी जन्मला, हे विसरू नये. पाणबुड्या पाण्यात उतरतो तेव्हा त्याच्या पाठीवर हवेचं नळकांडं असतं, मागे वर्षांचं शिक्षण असतं आणि वर होडीत त्याची वाट पाहणारा एक माणूस असतो. आमचा भाचा पाण्यात उतरतो तेव्हा त्याच्या पोटात दोन मिसळपाव असतात आणि काठावर फक्त चपला.

घ्यायचाच असेल तर असा कॅमेरा कसा बघून घ्यावा, हेही सांगतो. नुसती टीका करणाऱ्याला आपल्याकडे कोणी चहा विचारत नाही. दुकानदार पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात कॅमेरा बुडवून दाखवतो. ते बघायचंच नाही. कॅमेरा उलटा करा आणि बॅटरीचं दार उघडा. दाराच्या कडेला रबराची एक बारीक कड दिसेल. सगळं वॉटरप्रूफपण त्या कडेत आहे. बाकीचा कॅमेरा म्हणजे तिच्या जिवावर मिरवणारा जावई! त्या रबरावर वाळूचा एक कण किंवा डोक्यावरचा एक केस बसला, की पाणी आत येतं. (आमच्यासारख्यांना केसाची भीती कमी, एवढाच काय तो टकलाचा फायदा.) दाराला दुहेरी खटका असावा. भिंग बाहेर येणारं नसावं, आतल्या आत सरकणारं असावं. ओल्या बोटांनीही बटण सापडावं. दार ओल्या हातांनी, नदीकाठी, वाऱ्यात कधीही उघडू नये. रबर वर्षा-वर्षाला तपासून घ्यावं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि सावलीत वाळवावा. एकूण काय, बाळंतिणीची करतात तेवढी देखभाल केली की ‘याला काही होत नाही.’

आणि हो, त्याला मनगटावर बांधायचा तरंगणारा पट्टा घ्या. पाव किलो वांगी पाण्यात टाकलीत तर तरंगतात. पाव किलोचा हा कॅमेरा टाकलात तर सरळ तळाला जातो आणि कंपनीने कबूल केल्याप्रमाणे तिथे बिनतक्रार चालू राहतो.

खोक्यावर ‘आयपीएक्स ७’, ‘आयपीएक्स ८’ अशी जी अक्षरं असतात त्यांचा अर्थही समजून घ्यावा. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आठ म्हणजे त्याहून कडक परीक्षा, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीनेच ठरवायचं. दोन्ही परीक्षा साध्या, स्वच्छ, उभ्या पाण्यात होतात. जोराच्या पाण्याच्या झोताची परीक्षा वेगळी असते आणि आठवाल्याने ती दिलेलीच असेल असं नाही. हल्ली बरेच फोनही पाण्याला दाद देत नाहीत असं जाहिरात सांगते. वॉरंटीचा कागद मात्र भिंग लावून वाचलात तर पाण्याने झालेला बिघाड बहुधा त्यात बसत नाही. म्हणजे बघा, जाहिरात मोठ्या अक्षरांत पाण्यात उडी मारते आणि वॉरंटी बारीक अक्षरांत बाहेर थांबते. कंपनीसुद्धा काठावर आपला एक माणूस ठेवते!

माझं सगळं भांडण या काठावरच्या माणसासाठी आहे.

कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसलं की टिटवाळ्याला गणपती आणि त्याच्या पुढच्या स्टेशनवर, खडवलीला, नदी. डोंबिवली-कल्याणच्या माणसाला देव आणि पाणी एकाच तिकिटाच्या टप्प्यात मिळावं अशी ही सोय. भातसा नदी उन्हाळ्यातही वाहती असते, कारण ती आपल्यासाठी नव्हे, मुंबईसाठी वाहते. मुंबईच्या पाण्याचा सर्वात मोठा वाटा भातसा धरणाचा. ते पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचललं जातं. त्यामुळे मे महिन्यात, आमच्या नळाला नुसती हवा येत असताना, खडवलीला मात्र कंबरभर नदी मिळते. माणसं जाणारच. रविवारी तिथे पातेली येतात, चटया येतात, क्रिकेटच्या बॅटी येतात, आणि आता हे कॅमेरे येतात.

पूर्वी सहल नदीवर जायची तेव्हा घरात असलाच तर आग्फाचा क्लिक-थ्री असायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. तो आमच्याकडे लोखंडी कपाटात, लुगड्यांच्या थराखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, अशा पेशवाई बंदोबस्तात राहायचा. नदीवर तो वडिलांच्या गळ्यात असे. गळ्यात कॅमेरा असल्यामुळे वडिलांना पाण्यात उतरता येत नसे. पाण्यात उतरता येत नसल्यामुळे सगळ्यांची घड्याळं, चष्मे, आईच्या बांगड्या आणि चपलांचे जोड त्यांच्याकडे येत. आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे ते माणसं मोजत. बारा फोटोंत दिवस काढायचा म्हटल्यावर माणूस बटण कमी दाबतो आणि बघतो जास्त. “अरे, तो धाकटा कुठे आहे?” ही हाक दर पाच मिनिटांनी यायची. त्या हाकेचा आम्हांला अत्यंत राग यायचा. धाकटा मीच होतो.

आमच्या घरच्या अल्बमात नदीवरच्या एकाही फोटोत वडील नाहीत. बाकी सगळे आहेत. सगळे आहेत, याचं कारणच ते नाहीत हे आहे.

नव्या कॅमेऱ्याने नेमका हा माणूस पाण्यात ओढला. त्याच्या गळ्यात भिजण्यासारखं काही उरलंच नाही, मग त्याने काठावर कशासाठी बसायचं? आता सगळेच आत, सगळेच एकमेकांचे फोटो काढतात आणि एकाचंही एकाकडे लक्ष नाही. फोटो काढणारा मागे सरकतो, कारण सगळे चौकटीत यायला हवेत. मागे काय आहे हे त्याला कॅमेरा सांगत नाही. मागे डोह असतो. शेवाळलेला दगड असतो.

“पण मामा, मला पोहता येतं!” भाचा म्हणतो. येतं ना! नगरपालिकेच्या तलावात येतं, जिथे तळाला निळ्या फरशा आणि काठाला शिट्टीवाला असतो. नदीला फरशा नाहीत. स्वच्छ, स्थिर पाण्यात वरून सरळ खाली बघितलं तर तळ आहे त्याच्या पाऊणपट अंतरावर दिसतो, हे शाळेतलं प्रकाशाचं वक्रीभवन. म्हणजे साडेचार फूट वाटणारं पाणी सहा फूट असतं. आणि पावसाळ्यात तर तळ दिसण्याचा प्रश्नच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये भातसाचं पाणी टपरीवरच्या चहाच्या रंगाचं होतं. त्यात पाण्याखाली काढलेले भाच्याचे फोटो मी पाहिले. चोवीस फोटो, चोवीसही चहाचे. एकात थोडी साय आल्यासारखी वाटली, ती त्याच्या मित्राची बनियन होती म्हणे.

शिवाय वर धरण आहे. ते भरलं की दरवाजे उघडतात. पाऊस शहापूरच्या वरच्या अंगाला पडतो आणि नदी खडवलीला चढते. इथे तेव्हा कदाचित ऊनही असेल आणि फोटोला उजेड छान असेल.

खडवलीला कोणी बुडाल्याची बातमी ठाणे-कल्याणच्या वाचकाला नवी नाही. आपण ती चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी २०११ ते २०१७ या काळातल्या जगभरच्या बातम्या चाळून २०१८ साली एक निबंध लिहिला. सेल्फी काढताना गेलेले २५९ जीव त्यांना सापडले. सर्वात जास्त बुडून गेलेले आणि सर्वात जास्त आपल्या देशातले. मुंबई पोलिसांनी २०१६ साली काही जागा सेल्फीला बंद म्हणून ठरवल्या. पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यात नद्या-धबधब्यांवर मनाईचे हुकूमही निघतात. हुकुमाचा फलक असतो, आणि फलकाला टेकून काढलेला फोटोही असतो.

या सगळ्यावर एकच उत्तर ठरलेलं: “याला काही होत नाही!” अरे, बरोबर आहे. याला काही होत नाही. तो टिकेल. पंधरा मीटर खाली, अंधारात, चिखलात, लाल पट्ट्यासकट टिकेल. तुला गॅस्केट कुठे आहे? तुझी परीक्षा कुठल्या प्रयोगशाळेत झाली? तू किती मीटर आणि किती मिनिटं, हे कुठल्या खोक्यावर छापलं आहे?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. कॅमेरा बंद करा, नदी बंद करा, असं मी म्हणत नाही. कॅमेरा जरूर घ्या. पावसात, चिखलात, खडवलीच्या भाताच्या लावणीत, गाडीच्या दारातून येणाऱ्या झडीत तो बेलाशक वापरा. त्याच्यासाठी ती खरी जागा आहे, आणि तिथे आमचा क्लिक-थ्री रडला असता. पाऊस धो धो असेल तर नदीवर जाऊच नका. उन्हाळ्यात गेलात तर गावातल्या माणसाला विचारून, तो सांगेल तिथेच आणि तो सांगेल तेवढंच उतरा. आणि दर सहलीत एक माणूस कोरडा ठेवा. सगळे कॅमेरे त्याच्या हवाली करा, वॉटरप्रूफ असोत नाहीतर नसोत. त्याला बसायला चटई द्या, भज्यांची पहिली बशी द्या, आणि तो दर पाच मिनिटांनी माणसं मोजू लागला की कृपा करून त्याची थट्टा करू नका.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मामा, पण मग त्या काठावरच्या माणसाला मजा काय?”

काही नाही. त्याला घरी परतताना कसाऱ्याच्या गाडीत जागा मिळत नाही, त्याच्या पिशवीत सगळ्यांचे ओले कपडे असतात, आणि अल्बमात तो कुठेच नसतो. पण फलाटावर तो शेवटचं एकदा मोजतो आणि आकडा जमतो.