राणीछाप रुपया आणि मोबाईलवरील लिलाव

‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें’ ही म्हण आमच्या विद्यार्थिवर्गास पाठ असते. परंतु म्हण पाठ असणें आणि ती वेळेवर आठवणें यांत पुष्कळ अंतर आहे.

गेल्या वर्षीं नंदाखालांतील एका गृहस्थांनीं मोबाईलवरील लिलावांत ‘जुन्या पेटींत सांपडलेले’ चांदीचे राणीछाप रुपये पाहिले. बोली चढली, चढविणारे विकणाऱ्याचेच सोबती असतील, ही शंका त्यांस आली नाहीं. तरीहि किंमत चांदीच्या बाजारभावाहून कमीच राहिली, म्हणून ते आनंदले. नाणीं घरीं आल्यावर मात्र त्यांचें मन साशंक झालें व त्यांनीं तीं शाळेंत आणिलीं.

राणी व्हिक्टोरियाच्या छापाचा रुपया एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा असे, व त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे. आमच्या प्रयोगशाळेच्या तराजूवर हीं नाणीं आकारानें तेवढींच असूनहि दहा ग्रॅमसुद्धां भरलीं नाहींत. चांदी पाण्याच्या साडेदहापट जड. जर्मन सिल्व्हर नऊपटीहूनहि कमी. या दुसऱ्या धातूच्या नांवांत चांदी आहे, अंगांत नाहीं. तांबें, निकेल व जस्त यांचें तें मिश्रण होय. आर्किमिडीजचा सिद्धांत शिकलेल्या मुलास हा उलगडा सहज होण्यासारखा आहे.

विकणारा लबाड होता, यांत संशय नाहीं. तथापि आम्हांस निराळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तोळाभर वजनाचा चांदीचा रुपया चांदीहून स्वस्त मिळतो, असें ज्यास वाटतें, तो मनांत काय समजत असतो? विकणाऱ्यास आपल्या वस्तूचें मोल कळत नाहीं. त्याच्या अज्ञानाचा लाभ आपण घ्यावा, असेंच ना? लबाडास हें पुरतें ठाऊक असतें. ‘आजोबांची वस्तु आहे, आम्हांस त्यांतलें कांहीं कळत नाहीं’ हें वाक्य तो त्याचसाठीं लिहितो. आपल्या वाडींतील केळीं व फुलें कोणीं आपणांस अडाणी समजून पडत्या भावानें नेलीं, तर आमच्या पालकांस राग येतो, आणि तो यावाच. मग तोच न्याय खरेदी करतांना कां विसरावा?

प्रत्येक फसलेला मनुष्य लोभी असतो, असें आमचें म्हणणें नाहीं. लेकीच्या लग्नासाठीं चार पैसे वांचवूं पाहणाऱ्या आईस कोण दोष देईल? तिनें इतकें पाहावें: सोन्याच्या हॉलमार्कांत बीआयएसचें चिन्ह, शुद्धतेचा आंकडा (बावीस कॅरटास ९१६) आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळतां येतो. ‘सोन्याचा मुलामा’, ‘एक ग्रॅम सोनें’, ‘परत घेतलें जाणार नाहीं’ हे शब्द बारीक अक्षरांत असले तरी आधीं वाचावे. जुन्या नाण्यांसाठीं रिझर्व्ह बँकेच्या नांवानें कर वा दलाली मागणाऱ्यांविषयीं त्या बँकेनें २०२१ सालीं लोकांस सावध केलें होतें, हेंहि लक्षांत ठेवावें. इतकें करूनहि पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसतां १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

त्या गृहस्थांस एका स्नेह्यानें सल्ला दिला कीं, तेच रुपये पुन्हां लिलावांत घालावे, म्हणजे नुकसान भरून निघेल. त्यांनीं तसें केलें नाहीं. नाणीं आमच्या प्रयोगशाळेस देऊन टाकिलीं. पवित्र शास्त्रानें खोट्या तागडीचा धिक्कार केला आहे, तो केवळ दुकानदारासाठीं नव्हे. विद्यार्थिमित्रांनो, पुढील वर्षीं तीं नाणीं तराजूंत घालाल, तेव्हां त्यांचें वजन जरूर लिहून ठेवा. आणि तीं आपल्या शाळेंत कशीं आलीं, हेंहि विसरूं नका.