खलिता अडवला, पण औषध खर्ड्याला पोहोचेल?

खर्ड्याचे नाव निघाले की मराठी माणसाला १७९५ ची लढाई आठवते. निजामावरच्या त्या विजयाचा साक्षीदार असलेला भुईकोट आजही उभा आहे. वैद्यकातल्या एका नव्या युक्तीविषयी लिहिताना मला असा किल्लाच डोळ्यांपुढे दिसतो. पेशीच्या केंद्रात जनुकांचे दप्तर असते. ते बाहेर जात नाही. त्याची नक्कल आरएनएच्या रूपाने बाहेर पडते आणि त्या हुकमाबरहुकूम प्रथिने तयार होतात. मूळ दप्तराला धक्का न लावता हा खलिता वाटेतच फाडला, की जनुक मुके होते.

१९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी ही किमया एका सूक्ष्म कृमीत दाखवली. २००६ साली त्यांना नोबेल मिळाले. सस्तन प्राण्यांच्या पेशी मात्र दाद देईनात. लांब दुपदरी आरएनए आत शिरताच विषाणूचा हल्ला झाला असे समजून त्या सरसकट काम थांबवत. २००१ मध्ये जर्मनीत थॉमस टुशल यांच्या गटाने सुमारे २१ अक्षरांचे छोटे तुकडे वापरले. पहारेकऱ्यांना सुगावा लागला नाही आणि नेमका हवा तो खलिता फाटला.

२०१८ मध्ये या तत्त्वावरचे पहिले औषध, पॅटिसिरान, अमेरिकेत एका दुर्मीळ आनुवंशिक रोगासाठी संमत झाले. किंमत, वर्षाला सुमारे साडेचार लाख डॉलर! पुढे आलेले इन्क्लिसिरान मात्र घरोघरच्या दुखण्याचे आहे. यकृतातले एक जनुक मुके करून ते घातक कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आणते. पहिल्या इंजेक्शननंतर तीन महिन्यांनी दुसरे, मग वर्षातून फक्त दोन.

जामखेड तालुक्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला महिनोन्‌महिने गावाबाहेर असतात. रोजची गोळी चुकणाऱ्या अशा माणसाला सहामाही इंजेक्शन किती सोयीचे! पण आजच्या किमतीत ते त्याच्यासाठी नाहीच.

याच जामखेडात १९७० च्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बहुधा निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. औषध शोधणे आणि ते दारापर्यंत नेणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. मला वाटते, शासनाने आधी रक्तदाबाची तपासणी आणि स्वस्त स्टॅटिनची गोळी गावात नियमित मिळेल हे पाहावे, आणि नव्या औषधांच्या किमतीची घासाघीस आतापासूनच सुरू करावी. शास्त्रज्ञांनी आपली लढाई जिंकली आहे. पुढची मुंबई-दिल्लीच्या मंत्रालयांत लढायची आहे.